ओल्या कागदावरची जास्वंद

माउली, हातून एखादे काम बिघडले आणि तोंडातून चटकन 'पांडुरंगाची इच्छा' असे शब्द निघाले, असे तुमच्या बाबतीत कधी झाले आहे का? माझ्या बाबतीत झाले आहे. ते शब्द मी कोणत्या वेळी आणि कुणापुढे उच्चारले, हे आज तुम्हाला सांगायचे आहे. पण तिथे जायची वाट एका फुलाच्या चित्रावरून जाते. तेव्हा दोन मुक्काम माझ्याबरोबर चाला.

मी शाळेत चित्रकला शिकवीत असे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी परीक्षांना मुले बसवायची, तर फूल काढायची एक ठरलेली रीत असते. आधी पेन्सिलीची हलकी रेषा, पाकळ्या मोजून, देठ आणि पान जागच्या जागी. मग रेषेच्या आत रंग. रेषेबाहेर रंग गेला की गुण गेले. नोकरीभर हेच शिकवले, आणि त्यात वावगे काही नव्हते. शिस्त लागल्याशिवाय हात वळत नाही. नोकरी संपल्यावर मात्र तोच हात जरा मोकळा सोडावासा वाटला, आणि जलरंगात फुले काढू लागलो. पेन्सिल नाही, मोजमाप नाही, थोडे पाहिलेले आणि थोडे मनातले.

हे काम कसे चालते ते सांगतो. कागद साधा चालत नाही. सुती लगद्याचा, चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरेल असा जाड कागद घ्यावा लागतो. पातळ कागद पाणी लागताच पापडासारखा वळतो. रुंद ब्रशने त्यावर स्वच्छ पाणी फिरवायचे आणि थांबायचे. आधी कागद आरशासारखा चमकतो. त्या चमकेवर रंग ठेवला तर तो वाटेल तिकडे वाहत जातो. थोड्या वेळाने चमक ओसरते. कागद ओला असतो, पण त्यावर पाणी उभे नसते. तोच क्षण. गोल ब्रश लाल रंगाने भरून एक ठसा टेकवायचा. रंग आपल्या पायाने पसरतो, कडा धूसर होते आणि पाकळी होऊन जाते. शेजारी थोडा पिवळा ठेवला की दोघांच्या मधे नारिंगी आपोआप उमटतो. तो मी डबीतून काढलेला नसतो. जास्वंदीला पाच पाकळ्या असतात, मधून केसरांचा दांडा बाहेर येतो आणि त्याच्या टोकाशी पाच इवले ठिपके असतात, हे मला पक्के ठाऊक असते. पण कागदावर कधी तीनच पाकळ्या ठेवतो. उरलेल्या दोन पाण्यात विरतात आणि पाहणाराचे मन त्या पुऱ्या करते.

आता बिघडते कसे, तेही ऐका. कागद अर्धवट वाळलेला असतो आणि हात शिवशिवतो. वाटते, इथे जरा रंग कमी पडला. ओला ब्रश टेकवला की नवे पाणी जुन्या रंगाला बाहेर ढकलते आणि दातेरी कडांचा डाग उठतो, थेट फुलकोबीच्या गड्ड्यासारखा. तो धड पुसताही येत नाही. शिवाय ओला असताना भडक दिसणारा रंग वाळल्यावर फिका पडतो. म्हणजे आज डोळ्यांना दिसते त्यावर विसंबायचे नाही, वाळल्यावर काय उरेल ते ओल्यातच ओळखायचे.

आणि पांढरी फुले. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. तगर काढायची, मोगरा काढायचा, तर कागदाचा पांढरेपणा हेच फूल. भोवतीची हिरवी सावली रंगवायची आणि फुलाची जागा तशीच सोडायची. मी मुलांना सांगताना 'पांढरे सोडा' असे म्हणत नसे, 'पांढरे राखा' म्हणत असे. कारण त्या न रंगवलेल्या बोटभर जागेवर जितके लक्ष ठेवावे लागते, तितके रंगवलेल्या हातभर जागेवर लागत नाही. एक थेंब चुकून पडला की तगर गेली.

पाहणाराला वाटते, काय आहे त्यात, पाणी ओतले, रंग सोडला, झाले फूल! चीनमध्ये या मोकळ्या रीतीला फार जुनी परंपरा आहे. एक एक शीर रेखून फूल काढायची रीत वेगळी, आणि नुसता भाव कागदावर लिहून टाकायची रीत वेगळी. या दुसरीला ते 'शिएयी' म्हणतात. मिंग राजवटीतल्या शू वेई (१५२१–१५९३) याने ओल्या शाईच्या फटकाऱ्यांनी काढलेली फुले आणि द्राक्षे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांचा कागद शाई तत्क्षणी पितो, दुरुस्तीला वाव नसतो. एका फटकाऱ्यात वेल उतरवणाऱ्या त्या हातामागे वर्षानुवर्षांची अक्षरे गिरवण्याची मेहनत असते. आपल्याकडेही पाहा ना. कीर्तनात बुवा रंगात आले की पखवाजावरचा हात कसा मोकळा सुटतो! पण ज्याने बोल घोटलेले नाहीत त्याने हात मोकळा सोडला तर तो फक्त गोंगाट.

एका मार्गशीर्षात आमच्या दिंडीचे विणेकरी बुवा घरी आले. ओसरीवर जास्वंदीचे चित्र वाळत होते. त्यांनी वाकून पाहिले.

"मास्तर, ही जास्वंद म्हणायची? हिच्या पाकळ्या कुठं गेल्या?"

"बुवा, जरा लांबून बघा."

ते चार पावले मागे गेले. "लांबून जास्वंदच हाय की!" मग पुन्हा जवळ आले आणि लाल रंग पसरत जिथे नारिंगी झाला होता तिथे बोट दाखवून म्हणाले, "हे तुम्ही काढलं?"

"नाही. ते आपसूक झालं."

"आन् ही कड?"

"तीही पाण्यानेच केली."

त्यांचे बोट कोपऱ्यातल्या माझ्या सहीवर गेले. "मग ही कुणाची?"

ते हसत होते, मीही हसलो आणि चहा सांगितला. पण ते गेल्यावर मी चित्रांचा गठ्ठा काढून बसलो. जी चित्रे साधली होती त्या प्रत्येकाखाली सही होती. जी बिघडली होती ती कपाटाखाली पालथी पडली होती, आणि त्यांच्याबद्दल कुणी विचारले तर माझी उत्तरे तयार होती: कागद हलका निघाला, हवा दमट होती, पाण्याच्या मनात नव्हते. म्हणजे पाणी चांगले वागले की चित्रकार मी, आणि वाईट वागले की चित्रकार पाणी. माउली, हा हिशेब कागदापुरताच असता तर तुम्हाला सांगायला आलो नसतो.

त्याच्या आदल्या आषाढीची गोष्ट. दिंडीत राहुट्यांची व्यवस्था माझ्याकडे होती. नातेपुत्याच्या मुक्कामी आम्हाला जे रान मिळाले त्याला थोडा उतार होता, आणि बायकांची राहुटी उताराच्या खालच्या अंगाला आली होती. राहुटी ठोकली की भोवती वीतभर खोल चर मारायचा, म्हणजे रात्री पाऊस आला तर पाणी बाहेरून निघून जाते; हे वारीला येणाऱ्या पोरासोरांनाही ठाऊक असते. त्या संध्याकाळी आभाळ निरभ्र होते. मी थकलो होतो. कुदळ ट्रकमध्ये सामानाच्या तळाशी गेली होती. पोरांनी विचारले, "मास्तर, चर मारायचा का?" मी म्हणालो, "राहू द्या आजच्या दिवस. पांडुरंग बघून घेईल."

रात्री दोनच्या सुमाराला पाऊस आला.

फार नव्हता, तासभर असेल. पण उताराचे सगळे पाणी खालच्या राहुटीत शिरले. अंथरुणे भिजली, पिशव्या भिजल्या. एक आजी होत्या, सत्तरी केव्हाच ओलांडलेल्या, डोक्यावर तुळस घेऊन वर्षानुवर्षे पायी चालणाऱ्या. त्या उरलेली रात्र ओल्या लुगड्यात बसून राहिल्या. सकाळी अंगात ताप होता. डॉक्टरांनी चालायचे नाही म्हणून सांगितले, आणि नातेपुत्यापासून पंढरपूरपर्यंतची वाट त्यांनी ट्रकमध्ये बसून काढली. रिंगण त्यांना दिसलेच नाही. त्यांची तुळस दुसऱ्याच कुणीतरी डोक्यावर घेतली होती.

मी ट्रकपाशी गेलो आणि म्हणालो, "आजी, पांडुरंगाची इच्छा, दुसरं काय!"

त्या म्हणाल्या, "व्हय मास्तर, त्याचीच इच्छा. तुमी नका वाईट वाटून घेऊ."

आणि मला बरे वाटले. खरे सांगतो, अगदी हलके वाटले. त्या हलकेपणाचा अर्थ कळायला विणेकरी बुवांचे बोट माझ्या सहीवर यावे लागले.

गीतेच्या अठराव्या अध्यायात, चौदाव्या श्लोकात, कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. ज्ञानेश्वर माउलींनी या पाचांचा विस्तार केला आहे. तिथे अधिष्ठान म्हणजे देह, करणे म्हणजे इंद्रिये. मी माझ्या चित्राला लावून पाहताना अधिष्ठान म्हणजे कागद आणि करणे म्हणजे ब्रश, रंग, पाणी असे धरतो. जाणत्यांनी या बाळबोध वापराची क्षमा करावी. (जास्वंदीच्याही पाकळ्या पाच. कीर्तनकाराला हा धागा सोडवणार नाही, मी मात्र सोडतो.) पुढे भगवंत सांगतात की हे असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला दिसत नाही. हा श्लोक आपण अभिमान गाळण्यासाठी ऐकतो आणि ते योग्यच आहे. माझ्या सहीला तो नेमका लागू पडतो.

पण मोजून पाहा. पाचांमध्ये दैव आहे, तसा कर्ताही आहे. भगवंतांनी त्याला यादीतून गाळलेले नाही. त्या रात्रीची पाच कारणे मी मांडून पाहिली. उतरते रान, अंगाचा थकवा, तळाशी गेलेली कुदळ, पाऊस, आणि 'राहू द्या' म्हणणारा मी. पाऊस माझा नव्हता. उतारही माझा नव्हता. पण मी म्हटलेले 'राहू द्या' तरी माझे होते, आणि आजींसमोर मी तेच नेमके पावसाच्या खात्यात घातले.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, मास्तर, आत्मा तर अकर्ता आहे. तुम्ही ही कर्तेपणाची गाठ पुन्हा का बांधता? आत्मा अकर्ता, हे मी नाकारत नाही. पण त्या पायरीवर जो पोचला त्याला ताप आलेली म्हातारी पाहून स्वतःची सुटका शोधावी लागत नाही. मी शोधली. म्हणजे मी त्या पायरीवर नव्हतो, नुसता तिथला शब्द उचलून आणला होता.

संत गोरोबाकाकांची कथा आपण सारे जाणतो. भजनाच्या तंद्रीत चिखलात पोर तुडवले गेले, तो भाग कीर्तनात डोळ्यांतून पाणी काढतो. मला अलीकडे त्या कथेचा पुढचा भाग जास्त छळतो. पत्नीने विठ्ठलाची शपथ घातली होती, मला हात लावायचा नाही. पुढे एका रात्री झोपेत हात लागला. झोपेत! यापेक्षा मोठे निमित्त जगात कुणाला मिळणार आहे? काकांनी ते वापरले नाही. माझे हात आहेत, म्हणजे हिशेबही माझा, असे मानून त्यांनी ते हात तोडून टाकले. कथेतल्या कठोरपणाने अंगावर काटा येतो, आणि कुणी तसे करावे असे कथा सांगतही नसेल. मला त्यातले एवढेच जवळचे वाटते की 'मी झोपेत होतो' हे खरे असूनही ते म्हणाले नाहीत. मी तर जागा होतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. ट्रकपाशी आम्ही दोघांनी एकच वाक्य उच्चारले होते. शब्द तेच, देव तोच. पण जिचे अंथरूण भिजले तिने ते म्हणणे वेगळे, आणि ज्याने चर मारला नाही त्याने म्हणणे वेगळे. तिच्या तोंडी ती भक्ती होती. तिने स्वतःचे दुःख देवाच्या पायाशी ठेवले. मी ठेवले ते तिचे दुःख, स्वतःचे नव्हे. आणि दुसऱ्याचे दुःख परस्पर देवाला वाहून टाकायला काहीच लागत नाही. तेव्हापासून हे वाक्य तोंडाशी आले की मी आधी पाहतो, भिजले कोण आहे?

आणि ओल्या कागदावर मी जे करतो, तेही तेव्हापासून वेगळे दिसू लागले. सोडणे आणि टाकणे हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. तगरीची जागा सोडतो तेव्हा मी तिथून नजर हलवत नाही. कागद कोणता, पाणी किती, चमक कधी ओसरली, हे सगळे पाहून झाल्यावर मी हात काढून घेतो आणि मग पाण्याला त्याचे काम करू देतो. नातेपुत्याला मी यातले काहीच पाहिले नव्हते. मी रान टाकले होते आणि नाव सोडण्याचे घेत होतो.

त्या आजी पुढच्या वर्षी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांची माळ घेऊन त्यांची सून आली. आळंदीहून निघाल्यापासून मी तिला गाठायचे आणि टाळायचे, दोन्ही करीत होतो. शेवटी लोणंदच्या मुक्कामी हरिपाठ झाल्यावर तिच्याजवळ जाऊन बसलो आणि सांगितले, की बाई, त्या वर्षी चर मारायला मीच नको म्हटले होते. तुमच्या सासूबाईंना ते मी कधी सांगितले नाही.

ती भाकरी बांधून ठेवत होती. फडक्याची गाठ मारून झाली तेव्हा म्हणाली, "आत्याबाईंना ठाऊक होतं की. पोरांचं आन् तुमचं बोलणं राहुटीत ऐकू येत होतं."

मी काय बोलणार? ते 'तुमी नका वाईट वाटून घेऊ' मला तेव्हा कुठे पुरते ऐकू आले.

आता चित्रांवर सही करतो, पण मागच्या बाजूला. तिथे दोन ओळी लिहितो. पाण्याने काय केले ते एका ओळीत, मी काय केले ते दुसऱ्या ओळीत. 'नारिंगी आपसूक.' 'कागद वाळायच्या आत देठाला हात लावला, डाग माझा.' कपाटाखालची पालथी चित्रेही काढली आणि त्यांच्यामागेही लिहिले. काहींच्या बाबतीत कागद खरोखरच हलका होता, तेही लिहिले. सगळेच आपल्या अंगावर ओढून घेणे हाही अभिमानच, त्यात पुन्हा पाचांतला एकच उरतो. विणेकरी बुवा परवा आले तेव्हा त्यांनी एक चित्र उलटून वाचले, मान हलवली आणि म्हणाले, "मास्तर, चोपडी घातलीत की वाण्यासारखी!"

गेल्या आषाढीला नातेपुत्याचा मुक्काम आला तेव्हा आभाळ पुन्हा तसेच निरभ्र होते. चांदणे पडले होते. कुदळ मी ट्रकमध्ये सगळ्यात वर ठेवायला सांगितली होती. सगळ्या राहुट्यांभोवती चर मारून घेतला, खालच्या अंगाचा मी स्वतः मारला. पोरे हसत होती. रात्रभर एक थेंब पडला नाही. पहाटे काकड्याला उठलो तेव्हा चर कोरडा होता आणि एक पोरगा त्यात पाय घालून बसून दात घासत होता.